काळं बोट आणि लाल पाऊल: शुगरच्या पेशंटमधल्या गँगरीनचं एक पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

पेशंट ६१ वर्षांचे, एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले, पश्चिम महाराष्ट्रातल्या दुष्काळी पट्ट्यातल्या एका गावचे. गावात सगळे अण्णाच म्हणतात, इथंही तेच म्हणू. ओळख पटेल असं सगळं बदललंय आणि लिहायला घरच्यांची हरकत नाही. मी जिल्ह्याच्या गावी जनरल सर्जन आहे, छोटं हॉस्पिटल आहे, आणि असा पाय घेऊन कुणी आलं नाही असा महिना जात नाही.

अण्णांना शुगर निघून १४ वर्षं झालेली. गोळी चालू, पण कशी, तर संपली की आठ-पंधरा दिवस खंड, मग कुणी तालुक्याला निघालं की गोळ्यांचा पत्ता आणायचा. बीपीची गोळी "डोकं जड झालं की". विडी रिटायर झाल्यावर सोडली पण तंबाखू मळणं सुरूच. आणि १४ वर्षांत एकदाही कुणी त्यांचे पाय बघितले नव्हते, म्हणजे खरंच चप्पल काढून, मोजा काढून, तळवा वर करून. शुगर बघितली, गोळी वाढवली, पुढचा पेशंट. आयसीएमआरचा २०२३ साली आलेला अभ्यास देशात १० कोटींच्या वर शुगरचे पेशंट सांगतो, त्यातल्या किती जणांचा तळवा डॉक्टरनं बघितला असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

नंतर खोदून विचारलं तेव्हा दोन गोष्टी निघाल्या. एक, वर्षभर चावडीपर्यंत चालत जाताना मध्ये एकदा थांबावं लागायचं, पोटऱ्या भरून यायच्या, दोन मिनिटं उभं राहिलं की परत चालता यायचं. दुसरी काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, सांगितली, की हे गेले काही महिने रात्री उजवा पाय खाटेच्या खाली सोडून झोपतात. कशाला विचारलं तर म्हणे असं बरं वाटतं. आता कुठल्याही सर्जनला हे वाक्य ऐकलं की पुढचं सांगावं लागत नाही. पाय खाली लोंबकळला की वजनानं थोडं रक्त जास्त उतरतं, म्हणून बरं वाटतं. म्हणजे नस आधीच अरुंद झालेली होती, बोट काळं पडायच्या कितीतरी आधी.

प्रॉब्लेम कसा सुरू झाला

चैत्रात यात्रेला गेले, नवस होता म्हणून अनवाणी. दुपारच्या उन्हात देवळाच्या आवारातली दगडी फरशी काय तापते ते ज्यानं अनुभवलंय त्याला माहितीये, पोरंटोरं उड्या मारत सावलीला पळतात. अण्णा शांतपणे रांगेत उभे. तळव्याला काही कळतच नव्हतं. घरी आल्यावर दोन दिवसांनी काकूंना गोधडीवर पायाशी डाग दिसला, पाय उलटा करून बघितला तर अंगठ्याखालच्या फुगीर भागाला आणि शेजारच्या बोटाला मोठे फोड, एक फुटलेला.

गावातल्या डॉक्टरांनी ड्रेसिंग केलं, गोळ्या दिल्या, शुगर ३४० निघाली म्हणून गोळी वाढवली. पुढची ड्रेसिंग मेडिकलवाल्या पोराकडं, तो चांगली घट्ट क्रेप पट्टी बांधायचा, सुटू नये म्हणून. आठ-दहा दिवसांत दुसऱ्या बोटाचं टोक निळसर झालं, मग जांभळं, मग काळं. वास नाही, पाणी नाही, सूज नाही. बोट आक्रसलं, वाळल्या खारकेगत झालं. आणि इथं घरच्यांनी, मेडिकलवाल्यानं, भेटायला येणाऱ्या पाहुण्यांनी सगळ्यांनी मिळून एकच निष्कर्ष काढला की जखम वाळतीये म्हणजे बरी होतीये.

तीन आठवडे असेच गेले. मग एका पाहुण्यानं सुचवलं की कडुलिंबाचा पाला आणि मीठ टाकून कोमट पाण्यात पाय बुडवा, वर पाल्याचा लेप बांधा, काळं गळून पडेल. रोज अर्धा तास पाय पाण्यात. पाणी कोमट आहे की कढत हे अण्णांच्या पायाला कळणार नव्हतं ते वेगळंच. दोन-तीन दिवसांत पाऊल सुजलं, काळ्या बोटाच्या मुळाशी कातडी सुटली, घाण वास यायला लागला, लाली घोट्याकडं चढली, थंडी वाजून ताप आला आणि जेवण बंद झालं.

तालुक्याच्या एका हॉस्पिटलात नेलं. तिथं बघितल्या बघितल्या सांगितलं, गुडघ्याखालून पाय काढावा लागेल, सही करा. घरचे हादरले, स्वतःच्या जबाबदारीवर नेतो म्हणून लिहून दिलं आणि पेशंटला घरी आणलं. ती रात्र घरी गेली. थोरला मुलगा म्हणतोय जिल्ह्याला नेऊ, धाकटा पुण्याहून फोनवर म्हणतोय थेट पुण्याला आणा मी बेड बघतो, आणि अण्णांचे भाऊ म्हणतायत सीमेपलीकडं एक जण पाय न कापता औषध देतो, आपल्या अमक्याचा बरा केलाय. सकाळी पेशंट बरळायला लागला तेव्हा थोरल्यानं कुणाचं न ऐकता गाडी काढली आणि माझ्याकडं आणलं.

गँगरीन म्हणजे काय, आणि कुठलं

थोडं आडवळण घेतो, कारण पुढचे सगळे निर्णय यावरच उभे आहेत.

शरीराच्या एखाद्या भागाला रक्त पोचणं बंद झालं की तो भाग मरतो, त्या मेलेल्या मांसाला गँगरीन म्हणतात. कालव्याला पाणी कमी सुटलं की पहिला टेलचा शेतकरी बोंबलतो, तसं पायाचं बोट हे रक्ताच्या वाटेवरचं शेवटचं शेत, म्हणून बहुतेक वेळा सुरुवात तिथूनच.

कोरडं गँगरीन तेव्हा होतं जेव्हा नस हळूहळू बंद होते आणि जंतू अजून शिरलेले नसतात. भाग वाळतो, काळा पडतो, आक्रसतो, आणि मेलेल्या-जिवंत भागाच्या मध्ये एक स्पष्ट रेघ दिसते. हे पसरायला वेळ घेतं, पेशंट हिंडता-फिरता असतो. कोरड्यात तुमच्याकडं दिवस असतात, पायाचं रक्त तपासायला, वाढवता आलं तर वाढवायला. कधीकधी मेलेलं टोक आपोआप गळूनही पडतं. पण ते "बरं होणं" नाही, ती नस बंद असल्याची लेखी पावती आहे.

ओलं गँगरीन म्हणजे त्याच मेलेल्या किंवा अर्धमेल्या भागात जंतू घुसले. सूज, पाणी, फोड, घाण वास, कातडी सालपटासारखी सुटते आणि रेघ दिसत नाही, कारण ते अजून पुढं सरकतंय. विष रक्तात जातं, बीपी पडतं, लघवी कमी होते. इथं हातात तास असतात. शुगरच्या पेशंटमध्ये कोरड्याचं ओलं व्हायला फार काही लागत नाही, आठवडाभर ओला लेप आणि रोजची आंघोळ पुरते.

तिसरं गॅस गँगरीन. जखमेत माती गेली, अपघात झाला, तिथं क्लॉस्ट्रिडियम नावाचे हवा नको असणारे जंतू वाढतात, त्यातला मुख्य वेल्श यांनी १८९२ मध्ये शोधला. दिसणाऱ्या जखमेच्या मानानं वेदना प्रचंड, कातडी आधी फिकी मग तांबूस-तपकिरी, दाबलं की आत कुरकुर लागते, आणि पेशंट बघता बघता, काही तासांत, ढासळतो. आतलं मांस कापलं तरी रक्त येत नाही आणि आकसत नाही. यात थांबणं म्हणजे पेशंट गमावणं.

कारणं म्हणाल तर शुगर आणि नसा कडक होणं हे सगळ्यात मोठं दुकान, पण एकटं नाही. तिशी-चाळिशीचा विडी ओढणारा माणूस बोटं काळी घेऊन आला आणि शुगर नॉर्मल असली तर बर्गर आजार (तंबाखूमुळं हातापायांच्या नसा बंद पडतात तो) डोक्यात यायला पाहिजे, तिथं तंबाखू पूर्ण सुटल्याशिवाय कुठलंच औषध चालत नाही. हृदयाची झडप खराब असलेल्या किंवा ठोके अनियमित असलेल्या पेशंटचा पाय अचानक पांढरा, गार, बधिर पडला तर गुठळी येऊन अडकलीये, तिथं साधारण ६ तासांच्या आत काढली तर पाय वाचायची खरी आशा, त्यामुळं "सकाळी बघू" चालत नाही. साप चावल्यावर आवळून बांधलेली दोरी, आणि हाडवैद्यानं मोडलेल्या हाताला घट्ट बांधलेल्या कामट्या, यानंही धडधाकट पोरांचे हात गेलेले बघितलेत. पट्टी बांधल्यावर बोटं सुजली, निळी पडली, बोट सरळ करताना पोरगं किंचाळलं तर पट्टी तिथल्या तिथं कापायची, कुणाला विचारत बसायचं नाही. जननेंद्रियाच्या आसपास होतं त्याला फोर्नियरचं गँगरीन म्हणतात, लाजेपोटी लोक उशिरा दाखवतात आणि ते फार भराभर पसरतं.

तपासल्यावर काय दिसलं

अण्णांचा ताप १०१, नाडी ११८, बीपी १०० वर ६०, शुगर ४८६, लघवीत कीटोन थोडे, क्रिएटिनिन (किडनीचं काम सांगणारी रक्ततपासणी) १.६. डोळे उघडून बघत होते पण वार विचारला तर उत्तर नाही.

पाय. दुसरं बोट काळं आणि ओलं, मुळाशी कातडी मागं सरकलेली. पावलाच्या वरच्या बाजूला तपकिरी पाण्याचा फोड. लाली घोट्याच्या दोन बोटं खाली. तळवा फुगलेला, आणि तळव्याच्या मध्यभागी अंगठ्यानं दाबलं की दोन बोटांच्या बेचक्यातून पू बाहेर येत होता. हे महत्त्वाचं, कारण वरून बघणाऱ्याला एक बोट खराब दिसतं, पण पू तळव्याच्या कप्प्यात शिरलेला असतो आणि स्नायूंच्या दोऱ्यांच्या कडेनं टाचेकडं सरकत असतो. बोटाच्या टोकाला दिवसभर ड्रेसिंग केलं तरी त्याला धक्का लागत नाही.

काकू विचारत होत्या, "डॉक्टर, ह्यांना तर काही दुखतच नव्हतं, मग एवढं कसं काय झालं?" दुखत नव्हतं म्हणूनच झालं, काकू. पायाच्या संवेदनेच्या नसा शुगरनं मेलेल्या, १० ग्रॅमचा नायलॉनचा दोरा डाव्या चांगल्या तळव्याला टेकवला तरी अण्णांना कळत नव्हतं, हे नंतर शुद्धीवर आल्यावर तपासलं. आणि शेवटच्या दोन दिवसांत त्यांनी "ठणकतंय" म्हटलं होतं, ते घरच्यांना चांगलं लक्षण वाटलं, पायात जीव आला म्हणून. बधिर पाय अचानक ठणकायला लागला तर समजायचं आत खोलवर काहीतरी पेटलंय.

नाड्या: जांघेतली लागली, गुडघ्यामागची लागली, पावलावरची आणि घोट्यामागची नाही. सुजेमुळं लागत नसेल म्हणून हातातला डॉपलर, म्हणजे नसेतल्या रक्ताचा आवाज ऐकवणारं यंत्र, लावला, आवाज आला पण सपाट, एकसुरी, धडाडी नसलेला. घोटा आणि दंडाच्या बीपीचं गुणोत्तर काढलं तर १.१ आलं, म्हणजे कागदावर झकास. ०.९ च्या खाली असेल तर रक्त कमी म्हणतात, मग इथं तर सगळं ठीक? इथंच भलेभले फसतात. शुगरच्या पेशंटची नस चुना साठून कडक होते, पट्ट्यानं दाबली जात नाही आणि आकडा खोटाच वर जातो. एक्सरेत त्या नसा दोन समांतर पांढऱ्या रेघांसारख्या चक्क दिसत होत्या.

त्याच एक्सरेत पुढच्या पावलात मांसामध्ये हवेचे बारीक काळे ठिपकेही होते. आता हवा दिसली की सगळ्यांच्या तोंडी एकच, गॅस गँगरीन, पाय काढा. पण हवा करणारे जंतू क्लॉस्ट्रिडियमच असतात असं नाही, शुगरच्या पायात ई. कोलाय, क्लेबसिएला अशी मिश्र मंडळीही हवा करतात. आमच्या पेशंटला आजार चढायला दोन-तीन दिवस लागलेले, हवा जखमेच्या आसपासच होती, पोटरी मऊ होती, कातडीचा रंग तांबूस-तपकिरी नव्हता. म्हणून मी याला ओलं गँगरीन आणि तळव्यातला पू असं धरलं. ऑपरेशन मात्र दोन्हीत ताबडतोबच, फरक फक्त किती वरून कापायचं एवढाच.

पर्याय काय होते

एक, गुडघ्याखालून पाय काढणं. एका फटक्यात घाण बाहेर, हॉस्पिटलात कमी दिवस, पुढं जयपूर फूट. तालुक्याच्या हॉस्पिटलनं सांगितलेला हा सल्ला चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, काही पेशंटमध्ये तोच जीव वाचवतो. माझी तक्रार वेगळी. रक्त कुठवर येतंय ते न बघता, पू न काढता, पाच मिनिटांत सही मागितली की घरचे पेशंट उचलून नेणारच, आणि तसंच झालं.

दोन, आज फक्त पू काढायचा, मेलेलं बोट काढायचं, जखम उघडी ठेवायची, पेशंट सावरला की रक्तवाहिन्यांची तपासणी आणि जमलं तर अँजिओप्लास्टी, मग उरलेल्याचं काय ते ठरवायचं. यात पाय वाचू शकतो, पण दोन-तीन ऑपरेशनं, महिनोन्‌महिने ड्रेसिंग, खर्च, आणि एवढं करून शेवटी पाय जायची शक्यता उरतेच.

तीन, धाकट्याचं म्हणणं, आत्ताच पुण्याला हलवा. याला मी सरळ नाही म्हटलं. पाच तास गाडीत, आत पू, बीपी १००, वाटेत पडलं तर? पू काढून हलवणं वेगळं, पू ठेवून हलवणं वेगळं. आधी अँजिओप्लास्टी मग सफाई हा क्रमही ओल्यात उलटा पडतो.

चार, नुसती अँटिबायोटिकं देऊन बघू. भावाचा कौल याला, म्हणजे कापणं टळेल म्हणून. जिथं रक्तच पोचत नाही तिथं सलाईनमधून दिलेलं औषध तरी कुठून पोचणार.

थोरला मध्येच म्हणाला, "साहेब, काल त्यांनी गुडघ्याखालून सांगितलं, तुम्ही बोट सांगताय, आम्ही ऐकायचं कुणाचं?" प्रश्न अगदी बरोबर होता. मग स्केचपेननं लालीच्या कडेनं पायावर रेघ ओढली, शेजारी वेळ लिहिली, १२.४०, आणि सगळ्यांसमोर ठरवलं: आज पू काढतो. पुढच्या ४८ तासांत लाली या रेघेच्या वर गेली, किंवा बीपी सावरलं नाही, किंवा किडनी बिघडत चालली, तर पाय वरून काढायचा आणि तेव्हा पुन्हा चर्चा नाही. दोन्ही शक्यतांची संमती आत्ताच लिहून घेतली, धाकट्याला फोन स्पीकरवर ठेवून. नातेवाइकांना माझ्यापेक्षा त्या रेघेवर जास्त विश्वास बसला, कारण ती त्यांना स्वतःला बघता येत होती. काकू दर तासाला चादर उचलून बघत होत्या.

काय केलं

सलाईन, इन्सुलिनची ड्रिप, शिरेतून अँटिबायोटिकं, धनुर्वाताचं इंजेक्शन, आणि दोन-अडीच तासांत पेशंट टेबलावर. मणक्यातली भूल दिली तर बीपी अजून पडेल म्हणून भूलतज्ज्ञांनी गुडघ्यामागच्या संवेदनेच्या नसेला ब्लॉक दिला, म्हणजे तेवढाच पाय बधिर केला, फार बरं झालं.

दुसरं बोट त्याच्या मागच्या हाडाच्या डोक्यासकट काढलं, तळवा टाचेच्या अलीकडंपर्यंत उघडला, पू धुतला, राखाडी पडलेल्या दोऱ्या कापून टाकल्या. मांस कापल्यावर रक्त येत होतं, जोरात नाही पण येत होतं, आणि चिमट्यानं धरलं तर आकसत होतं. म्हणजे क्लॉस्ट्रिडियमचा उरलासुरला संशयही गेला. कल्चरला, म्हणजे जंतू कुठले ते बघायला, खोलवरचा मांसाचा तुकडा पाठवला, वरच्या पुवात कापूस बुडवून पाठवला की घरातले सगळे जंतू येतात आणि रिपोर्ट वाचून काही कळत नाही. टाका एकही घातला नाही. उघडी जखम बघून घरच्यांना धक्का बसतो, आधी सांगून ठेवावं लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाली रेघेच्या चार बोटं खाली. अण्णांनी चहा मागितला. क्रिएटिनिन दोन दिवसांत १.३ वर आलं.

तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग सोडलं तर तिसरं बोट जांभळट दिसायला लागलेलं. हा या प्रकरणातला खरा अवघड वळणाचा दिवस. लाली नाही, पू नाही, ताप नाही, मग बोट का जातंय? इथं परत सफाईच्या नावाखाली अजून थोडं कापायचा मोह होतो, मग दोन दिवसांनी अजून थोडं, आणि असं करत करत गुडघा गाठला जातो. जंतू आवरलेत आणि तरी मांस मरतंय म्हणजे रक्त कमी पडतंय. त्यामुळं सुरी बाजूला ठेवून कलर डॉपलर, म्हणजे नसांची सोनोग्राफी, केली. मांडी-गुडघ्यापर्यंत नळी ठीक, गुडघ्याखालच्या तीनपैकी दोन नळ्या बंद, एकीवर सगळं पाऊल जगत होतं.

आता मोठ्या शहरात पाठवायची वेळ होती आणि आता पाठवण्यात धोका नव्हता. महात्मा फुले योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राकडून आधी फोनवर विचारून घेतलं, रेशनकार्ड आणि आधार धाकट्याकडं व्हॉट्सॲपवर पाठवलं, नाहीतर तिथं जाऊन कागदासाठी दोन दिवस मोडतात. तिथं पायाच्या अंगठ्यातला रक्ताचा दाब मोजला तो ३४ आला, ३० च्या खाली गेला की जखम भरायची आशा फार कमी उरते, म्हणजे अगदी काठावर. किडनी सांभाळून, कमीत कमी डाय वापरून अँजिओप्लास्टी झाली, पुढची नळी पावलापर्यंत उघडली, मागची नाही उघडली.

परत आल्यावर पहिल्या ड्रेसिंगला जखमेच्या कडेतून लालभडक रक्त टिपकलं. सिस्टर घाबरून कापूस दाबायला लागली, मी म्हटलं येऊ दे थोडं. तिसरं बोट मात्र नाही वाचलं, पण आता त्याला रेघ पडलेली, कोरडं, तेवढंच काढलं.

निष्पत्ती

पुढं व्हॅक ड्रेसिंग (जखमेतलं पाणी मशीननं ओढून घेणारं), मग पावलाच्या वरच्या बाजूला कातडी लावली. तळव्याला नाही लावली, तिथं चालताना घासून निघते, तळवा आपणहून भरू दिला. या काळात पायावर वजन टाकायचं नाही हे अण्णांना पटवणं हे ऑपरेशनपेक्षा अवघड. संडासला जाताना टेकवायचेच. शेवटी घरात कमोडची खुर्ची आली तेव्हा जखम भरायला लागली. सगळं मिटायला साडेतीन महिने.

आज उजव्या पावलाला अंगठा आणि शेवटची दोन बोटं आहेत. एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची, चप्पल, पट्टा मागून बांधलेला. तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए१सी, टक्क्यांत) ११.२ होती ती ७.४ वर आली. तंबाखू चार महिने बंद होता, मग परत सुरू झाल्याचं काकू सांगतात, अण्णा नाही म्हणतात. अँजिओप्लास्टी योजनेत झाली तरी येणंजाणं, ड्रेसिंगचं सामान, कामाचे बुडालेले दिवस याला दोनपैकी एक म्हैस गेली.

सहा महिन्यांनी डाव्या तळव्याला घट्टा येऊन खाली रक्त साकळलं. काकू आता रोज रात्री बॅटरी लावून दोन्ही तळवे बघतात, बोटांच्या बेचक्यांसकट. दोन दिवसांत घेऊन आल्या, घट्टा तासला, चप्पल बदलली, पंधरा दिवसांत मिटलं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिलं, पाय खाटेखाली सोडून झोपणं आणि चालताना पोटऱ्या भरणं. ही दोन वाक्यं घरात महिनोन्‌महिने होती, कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर फोड यायच्या आधी डॉपलर झाला असता. अजून एक फसवी गोष्ट: असा पाय खाली सोडला की लालबुंद दिसतो आणि लोक म्हणतात रक्त चांगलंय. झोपवून पाय वर उचलून धरा, मिनिटभरात पांढरा पडला तर ती लाली खोटी.

दुसरं, नवस. नवस फेडू नका असं मी कुणाला सांगत नाही, सांगून ऐकणारही नाहीत. पहाटे जा, आणि दुपारच्या उन्हात रांगेत उभं राहायची वेळ आली तर जाड मोजे घाला. गुरवानं आजवर एकाही पेशंटला मोज्यावरून अडवल्याचं ऐकलं नाही.

तिसरं, बोट काळं पडलं तो दिवस. माझ्या मते सगळ्यात मोठी संधी तिथंच गेली. तेव्हा कोरडं होतं, हातात दिवस होते. तेव्हा पाठवलं असतं तर आधी नस उघडून मग बोटाचं टोक, एवढ्यावर भागण्यासारखं होतं. काळं बोट कोरडं ठेवायचं, भिजवायचं नाही, लेप नाही, घट्ट क्रेप तर अजिबात नाही, आणि "वाळतंय" म्हणून खूश व्हायचं नाही. त्याच्या वरच्या पावलावर नजर ठेवायची: सूज, लाली, वास, पाणी यातलं एक जरी दिसलं तर त्याच दिवशी निघायचं. ताप आला नाही म्हणून थांबायचं नाही, शुगरच्या पेशंटला पायात पू असून ताप नसतो, पांढऱ्या पेशीही कधीकधी नॉर्मल असतात. एकदम वाढलेली शुगर हाच कधीकधी एकटा इशारा.

चौथं, ती घरची रात्र. तालुक्याच्या हॉस्पिटलनं निदान पू काढून, चार वाक्यं बोलून, वर पाठवलं असतं तर ते बारा तास वाचले असते आणि तिसरं बोटही कदाचित.

एका मित्र सर्जनला हे प्रकरण दाखवलं तेव्हा तो म्हणाला, पहिल्याच दिवशी गुडघ्याखालून काढला असता तर माणूस तीन महिन्यांत जयपूर फूटवर चालला असता आणि म्हैसही वाचली असती. हिशोब म्हणून त्याचं खोटं नाही. पण एक तर गुडघ्याखालचा थोटा भरायलाही रक्त लागतंच, आणि ते कुठवर येतंय हे त्या दिवशी कुणालाच माहीत नव्हतं. दुसरं म्हणजे डावा पाय. त्याच शुगरचा, त्याच नसांचा, तेवढाच बधिर. उजवा गेला असता तर सगळं वजन त्याच्यावर आलं असतं, आणि सहा महिन्यांनी घट्टा त्यालाच आलाय. अर्थात बीपी अजून वीसनं कमी असतं किंवा पोटरीत कुरकुर लागली असती तर मीही त्याच दिवशी त्याच्यासारखंच केलं असतं.